पोचपावती

राजनंदिनीची आई कालपासून गप्प होती. भैरवाडीत हे कुणाला सांगितलं असतं तर त्यानं आधी डॉक्टरांना फोन लावला असता. कारण राजनंदिनीची आई म्हणजे पूनम मोहिते! कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करणारी, डोक्याला भगवा फेटा, हातात माईक, आणि तोंडातून असा धबधबा की आखाड्यातल्या पैलवानांनाही आपण किती भारी लढतोय ते तिच्याकडूनच कळायचं. आई घरी असली तरी निवेदन चालूच. दूध उतू जायला लागलं की, "आलं आलं, कडेपर्यंत आलं, आणि राजनंदिनी धावलीय मंडळी!" अशी बाई आज मिरजेतल्या एका दुकानात लाकडी स्टुलावर ओठ मिटून बसली होती. तिचा आवाज सांभाळायचा तर आज तिला तो वापरता येणार नव्हता.

त्याचं असं झालं होतं. राजनंदिनी बालवाडीत असताना आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. पण ही बातमी मेंदूच्या पचनी पडतच नाही. तो आपला जुन्या सवयीनं आज्ञा सोडत राहतो, आता जीभ उचल, आता श्वास दाब, आता ओरड. त्या आज्ञा म्हणजे मज्जातंतूंमधून धावणारी अगदी बारीक वीज, आणि ती मानेपर्यंत येऊन तिथंच विरून जायची. मग कंठपट्टी निघाली. बोटभर रुंद, कातडीसारखी मऊ पट्टी मानेला चिकटवायची. ती त्या विजेची कुजबुज टिपते आणि तिचा आवाज करून बाहेर सोडते. भन्नाट की नाही? पण प्रत्येक माणसाची कुजबुज निराळी, त्यामुळे पट्टीला आधी शिकवावं लागतं. आईनं तिला वर्षानुवर्षं शिकवलं. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना ती जुन्या कुस्त्यांची निवेदनं म्हणायची. सुरुवातीला पट्टी बँकेतल्या यंत्रासारखी सपाट बोले. मग हळूहळू तिच्यात चढ आले, उतार आले, आणि एक दिवस मैदानात शेवटच्या रांगेतला म्हातारा उठून ओरडला, "पूनम आली रं परत!" पट्टीनं शिकलेल्या त्या सगळ्याला म्हणतात स्वरनकाशा. आईचा आवाज म्हणजे तो नकाशा.

आणि आता पट्टीतला सेल फुगला होता. तो चार्जिंग घेत नव्हता, बळजबरी केली तर पट्टी स्वतःला कायमची बंद करून घेणार होती, आणि ते मॉडेल बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. उरली होती ती एवढीशी वीज. एकदा पट्टी विझली की नकाशा गेला. मग सगळं पहिल्यापासून. आणि डॉक्टर म्हणाले होते की इतक्या वर्षांत मज्जातंतूंची कुजबुज क्षीण झालीय, नवी पट्टी नव्यानं शिकेल याची खात्री देता येत नाही.

"पूनमताई, आज तोंडातून शब्द नाही," दुकानाची मालकीण तबस्सुम आपानं सकाळीच बजावलं होतं. "बोललात की पट्टी घटाघटा वीज पिते. गप्प राहिलात तर दुपारपर्यंत टिकेल."

आईनं मान हलवली होती. तिनं राजनंदिनीकडं बघितलं, आणि राजनंदिनीनं पटकन नजर दुसरीकडं वळवली. कारण काल मिरजेला येताना एसटीत दोघींचं वाजलं होतं.

निमित्त होतं पुण्याचं विज्ञान शिबिर. राजनंदिनीची निवड झाली होती, पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदाच एकटी जाणार होती, आणि आईनं रस्ताभर सूचना लावल्या होत्या. "सांगली सुटली की फोन कर. इस्लामपुरात फोन कर. कराडला गाडी थांबली की फोन कर, आणि न थांबताच पुढं गेली तरी फोन कर." शेवटी राजनंदिनी भर गाडीत म्हणाली होती, "आई, मी प्रवास करू का फोन करत बसू? जरा गप्प बस ना गं!"

आई गप्प बसली होती. तेव्हापासून ती बोललीच नव्हती. म्हणजे पट्टी विझली तर आईनं स्वतःच्या आवाजात केलेलं शेवटचं बोलणं काय, तर 'न थांबताच पुढं गेली तरी फोन कर'. आणि राजनंदिनीचं त्यावरचं उत्तर... ते तर तिला आठवायचंही नव्हतं.

दुकान सतारमेकरांच्या गल्लीत होतं. तबस्सुम मुल्लाच्या घरात पिढ्यानपिढ्या सतारी बनत. अजूनही छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते, आणि त्यांच्याखाली तिची भिंगं, सोल्डरिंगची उपकरणं आणि दोन मोठे पडदे. आपा वैद्यकीय उपकरणांची इंजिनिअर. बंगळुरूला शिकून परत आली ती थेट आजोबांच्याच जागेवर बसली, आणि सतारींच्या जागी माणसांचे आवाज लावायला लागली. राजनंदिनी गेलं वर्षभर दर रविवारी तिच्याकडं शिकायला येत होती. आपाचं सगळंच तिला आवडायचं. ती काम करताना गुणगुणायची ते, स्क्रू दातांत धरून बोलायची ते, आणि चूक झाली की रागवायच्या आधी हसायची ते तर सगळ्यात जास्त.

आज आपानं तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं होतं. "तुझ्या आईचं काम आहे, तूच कर. मी इथंच आहे."

काम होतं ते असं. नवी कंठपट्टी आणलेली होती, पण तिच्यातल्या नव्या प्रणालीला, म्हणजे पट्टी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जुना नकाशा ओळखता येत नव्हता. साधी नक्कल करून घ्यावी म्हटलं तर आवाजकुलूप आडवं येत होतं. दुसऱ्याच्या आवाजात फोन करून लोकांना लुबाडायचे प्रकार इतके वाढले होते की कायदाच झाला, स्वरनकाशा कुठंही साठवून ठेवता येणार नाही. तो फक्त एका पट्टीतून दुसरीत जाईल, दोन्ही पट्ट्या जिवंत असताना, मालकाच्या मानेवर, आणि दोन्हीकडं तीच जुनी प्रणाली असली तरच.

म्हणून आभासी यंत्र. आभासी यंत्र म्हणजे खऱ्या यंत्राच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरनं उभं केलेलं दुसरं यंत्र. त्यात एखादी प्रणाली राहायला येते आणि तिला वाटतं की हे सगळं घर माझंच आहे. खरं तर ती असते पाहुणी, आणि बाहेरची प्रणाली यजमान. पाहुणीला साधं पाणी हवं असलं तरी ते यजमानीण आतून आणून देणार. नव्या पट्टीच्या पोटात असं यंत्र उभं करायचं, त्यात जुनी प्रणाली इन्स्टॉल करायची, आणि मग नकाशाला म्हणायचं, या बसा, तुमचंच घर आहे. आपानं हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा राजनंदिनीच्या अंगावर काटा आला होता. मानेवरच्या बोटभर पट्टीत दोन दोन यंत्रं!

पण काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची निळी रेघ हलत नव्हती.

म्हणजे हलत होती, पण इतकी सावकाश की मान वळवून परत बघितलं तरी तिथंच. आईच्या मानेवरच्या जुन्या पट्टीचा, उरलेली वीज दाखवणारा ठिपका सकाळी हिरवा होता. आता तो पिवळा झाला होता.

"आपा, ही पुढंच जाईना."

आपानं दातांतला स्क्रू काढून टेबलावर ठेवला. "आभासी यंत्राला खऱ्या हार्डवेअरची मदत मिळतेय ना?"

"हो, ते मी आधीच बघितलं."

"मग पाहुणीला किती वाढलंयस?"

"सगळं!" राजनंदिनी अभिमानानं म्हणाली. "प्रोसेसरचे सगळे कोअर दिले, मेमरीसुद्धा जवळजवळ सगळी. एवढी घाई आहे, म्हटलं हात आखडता नको."

आपा आधी हसली. इतकी हसली की वरचा एक भोपळा हलल्यासारखा वाटला. "अगं बेटा! तुम्ही मोहिते लोक ना... तुझ्या घरी जेवायला आले होते तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. ही तुझी आई, पुरणपोळीवर पुरणपोळी टाकते, माणूस बिचारा ताटावर आडवा पडतो तरी थांबत नाही. सगळं पाहुणीच्या ताटात वाढलंस आणि वाढणारीला काय ठेवलंस?"

राजनंदिनीनं जीभ चावली. स्टुलावर आईचे खांदे हलले. ती आवाज न करता हसत होती.

"पाहुणी फाइल मागते, ती कोण आणून देणार? यजमानीण. आणि तिला उभं राहायला एक कोअर मोकळा नाही. ती पाहुणीकडं जागा मागते, पाहुणी म्हणते माझी फाइल आण. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्यात. अर्धं काढून घे."

"काढून घेतलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल ना?"

"आत्तापर्यंत झालंय तरी किती?"

बरोबर होतं. राजनंदिनीनं सगळं थांबवलं, आणि पाहुणीच्या ताटातले निम्मे कोअर यजमानिणीला परत केले. परत सुरू. आणि काय गंमत, कमी दिल्यावर रेघ जास्त पळायला लागली! राजनंदिनीनं दोन्ही मुठी हवेत उडवल्या. "सुटली! आई, सुटली बघ!"

आई स्टुलाच्या कडेवर सरकली. तिचे डोळे रेघेच्या मागं धावत होते, आणि हात आपोआप माईक धरल्यासारखा वर आला होता. बोलायचं नाही हे तिला किती जड जात होतं ते तिच्या मुठीकडं बघून कळत होतं.

मग फाइली उतरवायचा टप्पा आला आणि रेघ पुन्हा अडकली. एकदम थांबली नाही, पण ठेचकाळत, एकेक पाऊल टाकत चालली. आईच्या मानेवरचा ठिपका आता नारिंगी दिसायला लागला होता.

"आता काय कमी पडतंय हिला?" राजनंदिनी रडकुंडीला आली होती.

आपा आता हसली नाही. तिनं दुसऱ्या पडद्यावर आकडे उघडले. "जागा आहे. मेमरी आहे. यजमानीण मोकळी बसलीय, पाहुणीपण मोकळी बसलीय. दोघींना काम नाही आणि तरी काम होत नाही." तिनं भिंग कपाळावर सरकवलं. "कशाची तरी वाट बघतायत. कशाची बघतायत ते शोधू."

राजनंदिनी वाकली. नवी पट्टी चार्जिंगच्या पाटावर होती. तिच्या टोकाला साठवणीचा एक मोहरीएवढा दिवा होता. तो लुकलुकायचा, थांबायचा. लुकलुकायचा, थांबायचा. ती बघत राहिली. लुक. थांब. लुक. थांब. हे तिनं कुठंतरी बघितलं होतं. बघितलं कशाला, अनुभवलं होतं! गेल्या वर्षी शाळेची सहल पन्हाळ्याला गेली तेव्हा अख्ख्या रस्त्यात तिचा फोन असाच उजळत होता. गाडीत बसलीस का? पोचलीस का? उतरलीस का?

"आपा," ती एकदम सरळ झाली. "ही दर पावलाला घरी फोन करतेय!"

"काय?"

"दिवा बघा ना. एक तुकडा लिहिते, मग थांबते. साठवणीला विचारते, पोचलं का? साठवण म्हणते, पोचलं. मग पुढचा तुकडा. मग परत पोचलं का? तुकडा एवढासा आणि चौकशी एवढी मोठी. सगळा वेळ चौकशीतच चाललाय!"

 आपानं हळूच तिच्या डोक्यावर टपली मारली. "वर्षभरात माझ्याकडं येऊन तू नुसता चहाच पीत नव्हतीस तर. त्याला पोचपावती म्हणतात. बाकीच्या यंत्रांत थोडी सैल असते. कंठपट्टीत कडक असते, दर तुकड्याला, कारण आत माणसाचा आवाज असतो. अर्धं लिहिताना वीज गेली तरी काही हरवायला नको."

"मग आता ती बंद करू या?"

"माझ्या दुकानात मी ती कधीच बंद केलेली नाही."

"पण आपा, आत्ता आत आईचा आवाज कुठाय? आत्ता नुसती रिकामी प्रणाली उतरतेय. बिघडलं तर परत पहिल्यापासून करू, एवढंच ना?"

"एवढंच," आपा म्हणाली, आणि नजरेनं आईच्या मानेकडं खूण केली. "पण परत पहिल्यापासून करायला वेळ आहे का ते बघ."

ठिपका नारिंगी होता आणि नारिंगीत तांबडं मिसळायला लागलं होतं. आपानं सगळं सरळ सांगितलं, आईकडं तोंड करून, काहीही न लपवता. पोचपावती चालू ठेवली तर धोका काही नाही, पण या चालीनं प्रणाली उतरेपर्यंत जुनी पट्टी बहुतेक टिकणार नाही. बंद केली तर तुकडे आधी मेमरीत गोळा होतील आणि मग गठ्ठ्यानं खाली उतरतील, काम सरसर होईल. पण नव्या पट्टीचा सेल अजून रिकामा आहे, ती सगळी वीज या पाटावरून घेतेय. मध्ये पट्टी पाटावरून केसभर सरकली, पाटाची वीज दचकली, तर गोळा झालेलं सगळं गेलं. दुसरी संधी नाही. "पूनमताई, आवाज तुमचा आहे. तुम्ही सांगा."

सांगा कसं? बोलायचं तर नव्हतं. राजनंदिनी कागद शोधायला लागली. पण आई स्टुलावरून उठली होती. तिनं दोन पावलं मागं घेतली, ओढणी कमरेला खोचली, गुडघा जरासा वाकवला, आणि मांडीवर असा सणसणीत शड्डू ठोकला की छताचे भोपळे खरोखरच घुमले.

पैलवान आखाड्यात उतरताना शड्डू ठोकतो. त्याचा अर्थ मिरजेत, भैरवाडीत, अख्ख्या मुलखात कुणाला समजावून द्यावा लागत नाही.

"या अल्ला," आपा पुटपुटली. "लागा कामाला."

राजनंदिनीनं सगळं पुन्हा थांबवलं, पोचपावती बंद केली आणि सुरू केलं. आई पाटाजवळ आली. तिनं दोन्ही हातांनी नवी पट्टी पाटावर धरली, अंगठे वर, बोटं खाली, आणि तशीच दगडासारखी उभी राहिली. जी बाई हातवारे केल्याशिवाय साधा पत्ता सांगू शकत नाही, तिची ना जीभ हलत होती ना हात.

आणि रेघ धावली! अशी धावली की राजनंदिनीला खुर्चीत बसवेना. पण दिवा मात्र मिटलेलाच होता. लुकलुक नाही, पोचलं नाही, काहीच नाही. खाली नक्की काय उतरतंय, उतरतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिचा हात दोनदा माउसकडं गेला. उघडून बघावं का? एकदाच विचारावं का, पोचलं का?

"हात मागं," आपा म्हणाली. "विचारशील तर परत थांबेल. जाऊ दे तिला."

तेव्हा राजनंदिनीला एसटीतली आई आठवली. खिडकीकडं तोंड करून गप्प बसलेली. लेक कुठं आहे ते दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि वर विचारायचंही नाही. हे इतकं कठीण असतं? तिनं आईकडं बघितलं. आई रेघेकडं बघतच नव्हती. ती राजनंदिनीकडं बघत होती.

बाहेर कुठंतरी एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आईची बोटं हलली नाहीत. ठिपका लाल झाला.

रेघ टोकाला लागली. मग एकदम तो मोहरीएवढा दिवा पेटला आणि न थांबता जळत राहिला. गोळा झालेलं सगळं धाडधाड खाली उतरत होतं. पडद्यावर आईच्या जुन्या पट्टीचं ओळखीचं हिरवं चिन्ह उमटलं. जुनी प्रणाली नव्या घरात जागी झाली होती.

"झालं!" राजनंदिनी किंचाळली. "आता नकाशा!" तिचं बोट बटणावर पोचलंसुद्धा.

"थांब!" आपानं तिचं मनगट धरलं. "आधी पोचपावती चालू कर."

"आपा, ठिपका लाल आहे! त्यात वेळ जाईल!"

"जाऊ दे. आत्तापर्यंत घर रिकामं होतं. आता माणूस यायचंय राहायला."

राजनंदिनीची नजर लाल ठिपक्यावरून हटेना. पण तिनं केलं. पाहुणीला झोपवलं, पोचपावती लावली, परत जागं केलं. तो एवढासा वेळ तिला आयुष्यातला सगळ्यात मोठा वाटला, आणि आपाबद्दल मनात जे काही आधीपासून होतं ते त्या वेळात दुप्पट झालं. घाबरलेलं असताना घाई करणं सोपं असतं. आपाही घाबरलेली होती, तिच्या कपाळावर घाम दिसत होता, तरी तिनं जे करायचं तेच केलं.

आपानं नवी पट्टी पाट आणि त्याच्या वायरीसकट उचलून आईच्या मानेवर, जुन्या पट्टीच्या खाली लावली. दोन पट्ट्यांनी एकमेकींना ओळखलं. नकाशा निघाला. दिवा लुकलुकला, थांबला. लुकलुकला, थांबला. पोचलं का? पोचलं. पोचलं का? पोचलं. आणि या वेळी राजनंदिनीला ते थांबणं इतकं गोड वाटत होतं की काय सांगावं! विचार गं बाई, दर पावलाला विचार. एक अक्षर सोडू नकोस.

शेवटची लुकलुक झाली. पडद्यावर 'पूर्ण' असं आलं. वरच्या पट्टीचा लाल ठिपका आणखी थोडा वेळ दिसत होता, मग तो विझला.

राजनंदिनी खुर्चीवरून उठून आईसमोर उभी राहिली.

"आई?" राजनंदिनी म्हणाली. "बोल ना गं. काहीतरी बोल."

आईनं ओठ उघडले. आवाज आला, पण पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "मंडळी..."

राजनंदिनीनं घाबरून आपाकडं बघितलं. पण आपानं डोळे मिटले आणि कान पुढं केला. तिच्या आजोबांची हीच सवय होती म्हणे. सतारीच्या घोडीवर कानस फिरवत, तार छेडत, ते जवारी काढायचे, तारेतला तो भरीव गुंजारव नेमका सापडेपर्यंत. आपाचं बोट पडद्यावरच्या रेषेवर तसंच हळूहळू सरकायला लागलं. "बोलत राहा, पूनमताई. नकाशा आलाय. नव्या पट्टीचा कंठ जरा कोरडा आहे, एवढंच. थांबू नका."

थांबणार कोण? आई दिवसभर तुंबून होती.

"मंडळी, इकडं लक्ष द्या! मिरजेच्या आखाड्यात आज जोड लागलीय बघा! एका बाजूला निळी रेघ, वजनाला जड, जागची हलायला तयार न्हाई. आणि समोर भैरवाडीची राजनंदिनी पूनम मोहिते! वस्ताद हाईत तबस्सुम मुल्ला, भोपळ्याच्या तालमीतल्या!" आवाज भरत चालला होता. पत्रा गेला, लाकूड आलं. "पहिल्याच चालीला पोरगी फसली, सगळं बळ एकाच बाजूला दिलं! वस्तादांनी कान पिळला. पोरगी सावध झाली. आता बघा, खाली वाकलीय, नजर कुठं हाय तिची? नजर दिव्यावर हाय! आणि गेली, आत गेली, पट काढला! पट काढला मंडळी!" आता तो आवाज पुरता आला होता, मैदानातल्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, मध्येच किंचित चिरकणारा, तोच. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. "वस्ताद म्हणाल्या थांब, आणि पोरगी थांबली! अशी थांबणारी पोरं कमी असतात मंडळी, पळणारी लई असतात! आणि चितपट! निळी रेघ चितपट! वाजवा टाळ्या माझ्या लेकीसाठी!"

लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपा डोळे पुसत म्हणाली, "ही बाई मला तालमीची वस्ताद करून मोकळी झाली." राजनंदिनी आईच्या कमरेला मिठी मारून रडत होती आणि हसतही होती.

"काल कुणीतरी मला गप्प बस म्हणालं होतं," आई तिच्या केसांत तोंड खुपसून हळूच म्हणाली. "बसले की न्हाई दिवसभर?"

"आई, चुकलं ना माझं."

"चुकलं खरं. पण मला आज तुझी बाजू पण कळली."

पुढच्या आठवड्यात सांगलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं तिच्या पाठीवर बॅग चढवली, पट्टे घट्ट केले, डब्यात काय काय आहे ते सविस्तर निवेदन करून सांगितलं. मग एक बोट वर केलं. "पोचलीस की फोन कर. एकदाच. वाटेत न्हाई."

"नक्की?"

"शड्डू ठोकून दाखवू का आता हितं?"

"नको नको!"

गाडी सुटली. राजनंदिनी खिडकीशी बसली. हातात फोन होता आणि तो गप्प होता. इस्लामपूर आलं, गेलं. फोन गप्प. एकटीनं प्रवास! तिनं छाती भरून श्वास घेतला. खिडकीबाहेरचे उसाचे ट्रॅक्टर, पवनचक्क्या, शेजारच्या सीटवर झोपलेले काका, सगळं जग तिला आपलं वाटत होतं. कराड जवळ आलं. दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात त्या पुलावर गाडी चढली, पाण्यावर ऊन चमकलं, आणि तिच्या बोटानं आपोआप नंबर लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आई, कराड आलं."

"मी विचारलं का?" पलीकडून तो भरीव, किंचित चिरकणारा आवाज आला.

"नाही विचारलंस."

"मग?"

"उगाच," राजनंदिनी म्हणाली. "बोल ना काहीतरी. सातारा येईपर्यंत बोल."